वाचक विचारतात : थंडीतला हॅम रेडिओ, उघड्यावर

डिसेंबर-जानेवारी उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतली हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ स्टेशन चालवणारी माणसं, सामान बांधून गच्चीवर किंवा मैदानावर निघतात. मोबाइल आणि वीज दोन्ही गेल्यावर घराबाहेरून, बॅटरीवर आणि हाताशी असेल त्या तारेवर निरोप पोहोचवता यावेत, यासाठीचा हा सराव. त्याविषयी आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आपल्याकडे आपत्ती म्हणजे पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन बंद पडले, वीज गेली. मग सराव थंडीत का करायचा? अमेरिकेत 'विंटर फील्ड डे' असतो म्हणून? (कळवा)

उत्तर : विंटर फील्ड डे, म्हणजे तिथल्या हॅम मंडळींचा असाच उघड्यावरचा सराव, जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. तिथल्या अनेकांची परीक्षा बर्फ घेतो : बोटं गोठतात, बॅटरी थंडीने बसते. ठाण्यात पारा १५-१६ वर आला तरी ती वेळ येत नाही, त्यामुळे तिकडच्या याद्या जशाच्या तशा उचलू नका. पण थंडीत आपत्ती येत नाही, हेही खरं नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, भूजचा २६ जानेवारी २००१ चा, आणि त्सुनामी आली ती २६ डिसेंबर २००४ ला. भूजमध्ये आणि अंदमानात हॅम स्टेशनांनी निरोप पोहोचवले होते. शिवाय नवशिक्या गटाने पहिल्यांदा खांब उभा करायचा तर जमीन कोरडी आणि आकाश निरभ्र असलेलं बरं. विजा कडाडत असताना तार चढवणं हा शिकण्याचा प्रकार नव्हे.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा : थंडीतला सराव आपल्याला आहोत त्यापेक्षा चांगलं दाखवतो. जानेवारीत विजांचा खरखराट जवळपास नसतो, त्यामुळे ८० मीटर बँडवर (एचएफ म्हणजे लघुलहरींतला, ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) क्षीण आवाजही कळतो. मे अखेरीस वळिवाचे ढग जमले की त्याच बँडवर तोच आवाज कडकडाटात बुडतो. व्हीएचएफवर (एचएफहून जास्त वारंवारता, एरवी जवळपास सरळ रेषेत जाणारे तरंग) पहाटेच्या हवेमुळे लांबची स्टेशनं येतात, ती जुलैत येतीलच असं नाही. आणि कोरडी केबल, कोरडे जोड, सुकलेली झाडी हे सगळं आपल्या बाजूने असतं.

म्हणून थंडीत मुद्दाम कमी पॉवर वापरा. एचएफवर १०० वॉटचा सेट १० वॉटवर ठेवा, हँडसेट (हातात धरायचा व्हीएचएफ सेट) ५ वॉटऐवजी १ वॉटवर. १० वॉट म्हणजे १०० च्या १० डेसिबल खाली. तेवढ्यावर निरोप नीट गेला, तर खरखराट वाढल्यावर हाताशी थोडी शिल्लक राहते. आणि हाच सराव, त्याच जागांवरून, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा करा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कुठला दुवा खरा आणि कुठला फक्त थंडीपुरता, हे दिसतं.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. दोघांकडे परवाना आहे. जागा कुठली निवडावी? येऊर की पारसिकचा डोंगर, की खाडीकाठ? (घणसोली)

उत्तर : येऊर डोक्यातून काढून टाका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं संरक्षित जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे आणि तिथे हवाई दलाचं ठाणं आहे. रात्री तिथे खांब आणि तारा घेऊन फिरणं कुठल्याच अर्थाने शहाणपणाचं नाही. खाडीकाठी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि थंडी हा नेमका पक्ष्यांचा हंगाम. खारफुटीला दोऱ्या बांधू नका, काठालगत रात्री दिवे आणि जनरेटर लावू नका.

पाच जणांच्या गटाला सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे उंच इमारतीची गच्ची आणि जवळचं एक मोकळं मैदान, अशी जोडी. व्हीएचएफची रेडिओ क्षितिजाची मर्यादा साधारण अशी काढतात : दोन्ही अँटेनांच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. दोन माणसं हातात सेट धरून, अँटेना २ मीटरवर असेल तर ११-१२ किलोमीटर. एक जण ४५ मीटर उंच गच्चीवर गेला की हाच आकडा ३३ किलोमीटर होतो. हे सपाट, मोकळ्या जमिनीचं गणित. ऐरोली-घणसोलीहून तळोज्याकडे पारसिकची रांग आडवी येते, घोडबंदर रोडवरून बोरिवलीकडे येऊरचे डोंगर. तिथे हे सूत्र लागू पडत नाही. मधे कोणीतरी उंचावर बसून निरोप पुढे द्यावा लागतो, आणि तो माणूस कोण, हे आधीच ठरलेलं हवं.

जागा पक्की करण्याआधी गोंगाट तपासा. खिशातला मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर स्टेशन नसलेल्या जागी लावून मैदानभर फिरा. जिथे घरघर वाढते, तिथे जवळपास एखादा खराब एलईडी दिवा, लिफ्टची मोटर किंवा वीजवाहिनी असते. नवी मुंबईत उच्चदाबाच्या तारांचं जाळं दाट आहे, आणि थंडीत त्यांचा गोंगाट वाढतो. पावसाने धुतलेले इन्सुलेटर डिसेंबरपर्यंत धुळीने आणि खाऱ्या थराने माखतात, पहाटे दव पडलं की त्या थरातून बारीक गळती सुरू होते आणि ठिणग्यांची चरचर रेडिओत शिरते. तेव्हा जागेची चाचणी दुपारी एकदा आणि पहाटे एकदा, अशी दोनदा करा. लग्नसराईत शेजारच्या हॉलच्या एलईडी माळा लागल्या की संध्याकाळचा एचएफ संपला असं समजा. तारीख ठरवताना हॉलचं बुकिंगही विचारून घ्या.

अंतराचा नियम एकच : खांब कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी वीजतारेपासून किमान ४ मीटर लांब राहिला पाहिजे. यात तडजोड नको.

कागदपत्रांचं : परवाना एका पत्त्यासाठी असतो. दुसऱ्या जागेवरून स्टेशन चालवण्याबद्दल तुमच्या परवान्याच्या अटींत काय आहे ते आधी वाचा, लागेल ती परवानगी घ्या. जागेच्या मालकाला (सोसायटी, महापालिका, सिडको) आणि स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या. त्यात तारीख, वेळ, खांबाची उंची, कोणते बँड वापरणार आणि परवान्याची प्रत असावी. रात्री गच्चीवर अँटेना आणि हेडफोन लावलेली माणसं पाहून कोणी फोन केला, तर हे पत्र अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटवतं.

प्रश्न : आमच्याकडे ७ मीटरचा एकच खांब आहे. ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन्ही बाजूंना ताणलेली तार) एवढ्या कमी उंचीवर चालेल का? सगळे म्हणतात, अँटेना जितकी उंच तितकी चांगली. (कासारवडवली)

उत्तर : अमेरिका-युरोप गाठायचं असेल तर ते खरं. आपत्तीत आपल्याला चिपळूण, महाड, नाशिक, सातारा हवं असतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाड पाण्याखाली होते. ठाण्याहून चिपळूण सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आत आहे, पण मधल्या डोंगरांमुळे व्हीएचएफने थेट जाता येत नाही. तिथे तरंग जवळपास सरळ वर पाठवून आयनावरणावरून खाली परतवावे लागतात, आणि त्यासाठी बुटका डायपोलच लागतो. ४० मीटर बँडवर ७ मीटर म्हणजे तरंगलांबीच्या सहाव्या हिश्श्याइतकी उंची. या कामाला अगदी योग्य.

बांधणी अशी. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्या. एकूण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ : ७.१०० साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७. पण कापताना प्रत्येक बाजू १०.४० मीटर कापा. इन्सुलेशन असलेली वायर सूत्रापेक्षा थोडी आखूडच लागते, मात्र नेमकी किती हे वायरीवर आणि उंचीवर ठरतं. मध्यभाग ७ मीटरवर, दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने ताणून जमिनीपासून किमान २.५ मीटरवर, उलट्या 'व्ही'सारखी. टोकांना प्रसारणाच्या वेळी व्होल्टेज सर्वात जास्त असतं, कोणाचा हात लागला तर भाजतं. म्हणून २.५ मीटर.

मध्यभागी कोअॅक्सचा (सेटपासून अँटेनापर्यंतच्या जाळीदार केबलचा) चोक करा : एफटी-२४०-४३ फेराइट कडीवर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे. हा नसला तर केबलचं बाहेरचं आवरणही अँटेना होतं, मग लॅपटॉपचा गोंगाट आत येतो आणि माइकला ओठ लागले की चटका बसतो.

आता नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप, १ म्हणजे उत्तम) सर्वात कमी कुठे आहे ते पाहा. समजा तो ६.८५ ला आला. नवी बाजू = जुनी बाजू × मोजलेली वारंवारता ÷ हवी ती. १०.४० × ६.८५ ÷ ७.१० = १०.०३. म्हणजे प्रत्येक बाजूने ३७ सेंटिमीटर कमी. कापू नका, तेवढी वायर मागे दुमडून घट्ट पिळून टाका. दुसऱ्या जागी जमीन वेगळी, उंची वेगळी, तेव्हा ती परत लागेल. एसडब्ल्यूआर १.५ पर्यंत आला की थांबा. १.१ साठी अर्धा तास घालवणारे गट आपण पाहतो. तो अर्धा तास निरोप लिहायला द्यावा.

रात्रीचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. सूर्य मावळला की ४० मीटरवर जवळची ठिकाणं एकेक करून गळतात आणि दिल्ली-कोलकाता जोरात येऊ लागतात. तेव्हा ८० मीटरवर जा. त्यासाठी त्याच डायपोलच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटरची पट्टी देऊन पुढे आणखी ९.८ मीटर वायर जोडता येईल असं करा. दिवसा जोड उघडा, रात्री बुलेट कनेक्टरने बंद. ३.६ मेगाहर्ट्झला एकूण लांबी सुमारे ४० मीटर होते. मैदान पुरत नसेल तर शेवटचे ४-५ मीटर काटकोनात वळवले तरी चालतं. भर दुपारी मात्र ८० मीटर वापरू नका, आयनावरणाचा खालचा थर तो शोषून घेतो. आणि पहाटे चार ते सहा ही वेळ वेगळी नोंदवा. आयनावरण तेव्हा सर्वात विरळ असतं, थंडीत जास्तच. ४० वर नाशिक-पुणे अजिबात नाही, पण ८० वर मिळतं, हा अनुभव गटातल्या प्रत्येकाने एकदा स्वतः घ्यावा.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून नेली तर चालेल का? नाहीतर किती क्षमतेची घ्यावी? थंडीने बॅटरी बसते म्हणतात. (खारघर)

उत्तर : इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोहून जड असते, आत पातळ आम्ल असतं, ती कलंडते. गच्चीवर लिफ्ट जात असेल तर एकवेळ ठीक. ठाण्याच्या थंडीने मात्र बॅटरीचं काही बिघडत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, हा नियम हिमालयात जाणाऱ्यांसाठी.

हिशोब करा. एचएफ सेट ऐकताना साधारण १ अँपिअर खातो. ५० वॉट एसएसबीवर (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत) बोलताना सरासरी ७ अँपिअर धरा. सहा तासांच्या सरावात पाचवा हिस्सा वेळ बोललात तर १.२ तास × ७ = ८.४ आणि ऐकण्याचे ४.८ × १ = ४.८, मिळून १३.२ अँपिअर-तास. २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तर १६ देते. पुरते. पण नेट कंट्रोल (कोणी कधी बोलायचं हे ठरवणारं मुख्य स्टेशन) चालवणारा माणूस जवळपास निम्मा वेळ बोलतो. त्याला दोन लागतील. एफएमवर तर बोलताना प्रवाह सतत पूर्ण असतो, सरासरी कमी होत नाही, तेव्हा व्हीएचएफ मोबाइल सेट किरकोळ समजू नका.

बहुतेक गट बॅटरीवर नाही, वायरीवर अडकतात. सेटला १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के लागतात, म्हणजे ११.७ च्या खाली तो आवाज फाडतो किंवा बंद पडतो. १०० वॉटवर २० अँपिअर ओढताना २.५ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर वायरीत (जाऊन-येऊन ६ मीटर) जवळजवळ १ व्होल्ट पडतो. ६ चौरस मिलिमीटर वापरली तर ०.४. लेड-अॅसिड बॅटरी भाराखाली आधीच १२ च्या आसपास घसरलेली असते, त्यात हा १ व्होल्ट गेला की बोलायला सुरुवात करताच सेट रिसेट होतो आणि दोष सेटला मिळतो. मल्टिमीटर बॅटरीवर लावू नका. सेटच्या मागच्या पिनांवर, बोलत असताना लावा. खरा आकडा तिथे दिसतो.

२५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एक वीत अंतरात. गाडीच्या लायटर सॉकेटमधून १०० वॉटचा सेट चालवू नका, तिथला फ्यूज १०-१५ अँपिअरचाच असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी संपताना सूचना देत नाही. व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहतं आणि मग आतलं सर्किट एकदम तोडतं. त्यामुळे अँपिअर-तास मोजणारं मीटर मधे लावा.

सौर पॅनेल नेणार असाल तर : डिसेंबर अखेरीस ठाण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच चढतो. सपाट ठेवलेल्या पॅनेलला माथ्यावरच्या उन्हाच्या तीन चतुर्थांशच ऊन लागतं. दक्षिणेकडे तोंड करून ४० ते ४५ अंश उभं करा. क्षीण स्टेशन ऐकताना चार्ज कंट्रोलर काढून ठेवा, त्याचा गुणगुणाट एचएफवर येतो.

प्रश्न : पहाटे सहाला हँडसेटवर कधी न ऐकलेले लांबचे रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारी स्टेशनं) येतात. अँटेना बदलल्याचा परिणाम असावा का? (कोपरी)

उत्तर : अँटेनाचं श्रेय नाही. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि दमट, वरची गरम आणि कोरडी. या उलट्या थराखाली व्हीएचएफ तरंग वाकून लांब जातात, किनाऱ्यालगत तर जास्तच. डोळ्यांनी दिसणारी खूण आहे : पहाटे खाडीपुलावरून पाहिलं तर धुराचा पट्टा वर न चढता एका उंचीवर सपाट पसरलेला दिसतो. तो पट्टा आहे तोवर तुमची मोजणी धरू नका. ऊन चढून नऊ-दहा वाजले की थर विरतो आणि रिपीटरही जातात.

कुठून कुठपर्यंत हँडसेट पोहोचतो याचा नकाशा करताना सकाळी ११ ते ४ या वेळेत मोजा. प्रत्येक ठिकाणी सवयीने 'फाइव्ह नाइन' (आवाज स्पष्ट आणि जोरात, असा शेरा) देऊ नका. निरोप पहिल्या खेपेत पूर्ण लिहून घेता आला, एकदा परत सांगावा लागला, की घेताच आला नाही, एवढ्या तीनच श्रेणी ठेवा. आपत्तीत उपयोग याच माहितीचा.

प्रश्न : संध्याकाळी लावलेल्या डायपोलचा एसडब्ल्यूआर १.३ होता, पहाटे ३ झाला आणि सेटने पॉवर आपोआप कमी केली. नऊ वाजता पुन्हा ठीक. दोष कुठे? (वाशी)

उत्तर : दवाचा. पाणी बहुतेक वेळा डायपोलच्या मध्यभागी, जिथे कोअॅक्सची जाळी आणि मधली तार वेगळी होते, तिथे साचतं. आधी खांब उतरवून तो जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि परत मोजा. फरक पडला तर तोच गुन्हेगार. पडला नाही तर केबलच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावा. तरीही एसडब्ल्यूआर वाईट असेल तर केबलच्या टोकांचे पीएल-२५९ जोड बघा.

त्याहून घातक प्रकार असा की जाळीतून पाणी केबलच्या आत शिरतं, तरंग आतच जिरतात, आणि एसडब्ल्यूआर उलट छान दिसू लागतो. कोणाला ऐकू जात नाही, पण मीटर खूश. याची परीक्षा : २० मीटर आरजी-५८ चं दुसरं टोक उघडं ठेवून ७ मेगाहर्ट्झला मोजा. चांगल्या केबलला एसडब्ल्यूआर १० च्या आसपास किंवा वर यायला हवा. ३-४ आला तर ती केबल टाकून द्या, वाळवून उपयोग नाही. पाण्याने जाळी काळी पडलेली असते.

जोडावर आधी सेल्फ-फ्यूजिंग टेप अर्ध्या रुंदीपर्यंत ताणून, खालून वर गुंडाळा, त्यावर पीव्हीसी टेप. केबल जोडाखाली एक झोल देऊन आणा म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळतात. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. फिशिंग रॉडसारखा दुमडता फायबरग्लास खांब दवाने निसरडा होऊन रात्रीत एकेक नळी आत सरकते. प्रत्येक सांध्यावर होज क्लिप लावा, खाली टेपचे दोन वेढे दिले तर नळी चिरत नाही. सेटवर प्लास्टिक थेट अंथरू नका, खाली पाणी धरतं. चार काठ्यांवर छत करा. आणि लॉगबुकला पेन्सिल : दमट कागदावर जेल पेनची शाई पसरते.

प्रश्न : निरोप मराठीतून द्यायचे की इंग्रजीतून? सरावात आकडे आणि नावं फार चुकतात. (ऐरोली)

उत्तर : ज्याला निरोप मिळणार आहे त्याला जी भाषा पटकन कळेल, ती. ठाणे जिल्ह्यात बहुतेक वेळा ती मराठीच. पण मराठीचे आकडे खरखराटात फसवतात. सात, आठ आणि साठ एकमेकांत मिसळतात. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांचं फक्त शेपूट वेगळं, आणि तेच नेमकं गळतं. पंचवीस आणि पंचावन्नचंही तसंच. म्हणून नियम करा : लिहिताना ४९, बोलताना 'चार नऊ'. त्यानंतर गरज वाटली तर 'एकोणपन्नास' खुलाशाला जोडा, पण आधी सुटे अंक.

नावं रोमन अक्षरांत ठरवून घ्या आणि अल्फा-ब्राव्होने सांगा. म्हात्रे : माईक, होटेल, अल्फा, टँगो, रोमिओ, एको. कोणी मधे आणखी एक अल्फा घालतं, कोणी नाही, मग रुग्णालयाच्या यादीत ते नाव सापडत नाही. जे स्पेलिंग माणसाच्या आधार कार्डावर आहे तेच घ्या.

निरोपाचा साचा छोटा ठेवा : क्रमांक, महत्त्व, कोणाकडून, वेळ २४ तासांच्या घड्याळात, शब्दसंख्या, कोणाला, मजकूर. एक नमुना : 'सराव निरोप. शाळेत ४० माणसं. पिण्याचं पाणी संपलं. टँकर एक पाठवा. सराव निरोप.' शब्द १३. घेणाऱ्याने शब्द मोजून तेरा भरले तरच 'मिळाला' म्हणायचं, नाहीतर कुठला तुकडा गेला ते विचारायचं. इथे मराठीची अडचण अशी की कोणी 'शाळेसमोर' लिहितं, कोणी 'शाळे समोर', आणि मोजणी जुळत नाही. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, जोडलेला तो एक शब्द, हे सरावाआधी सगळ्यांनी एकदा मान्य करा.

वेग बोलणाऱ्याचा ठेवायचा नाही, लिहिणाऱ्याचा ठेवायचा. बोलणाऱ्याने स्वतःही हवेत किंवा कागदावर तोच शब्द लिहीत बोलावं, वेग आपोआप बसतो. चार-पाच शब्दांनंतर बटण सोडा.

'सराव निरोप' हे शब्द सुरुवातीला आणि शेवटी, प्रत्येक वेळी. स्कॅनर लावून ऐकणारा कोणी 'शाळेत चाळीस माणसं अडकली' एवढाच मधला भाग ऐकून १०७७ या आपत्ती हेल्पलाइनला फोन करू शकतो. जिल्हा नियंत्रण कक्षाला सरावाचा निरोप द्यायचा असेल तर त्यांच्याशी आधी ठरवून, ठरलेल्या वेळीच द्या. सांकेतिक भाषेला हॅम नियमांत बंदी आहे, म्हणजे सगळं सगळ्यांना ऐकू येतं. खऱ्या आपत्तीत मृतांची नावं हवेवर घेऊ नका. यादी कागदावर, हवेवर फक्त अनुक्रमांक.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी यायला उत्सुक आहे. परवाना नाही. तिला काय करता येईल? (नेरूळ)

उत्तर : माइकचं बटण सोडून बाकी सगळं. लॉग लिहिणं, निरोप लिहून शब्द मोजणं, मीटर वाचणं, नॅनोव्हीएनएवर वक्र पाहून किती दुमडायचं याचं गणित करणं. यातलं शेवटचं काम शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा बिनचूक करतात. परीक्षा १२ वर्षांपासून देता येते, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. वर्षभर ऐकून लॉग लिहिलेल्या मुलीला कार्यपद्धतीचा पेपर जड जाणार नाही.

प्रश्न : जानेवारीच्या मध्यावर सराव ठेवला तर संक्रांतीच्या पतंगांचा त्रास होईल का? पतंगालाच तार बांधून अँटेना चढवावी, असंही एकाने सुचवलं. (कोपरखैरणे)

उत्तर : पतंगाची किंवा फुग्याची अँटेना इथे नको. नवी मुंबईचा विमानतळ जवळ आहे, वीजतारा सगळीकडे आहेत, आणि वारा पडला की ४० मीटर उघडी तार कुठे कोसळेल हे कोणाच्या हातात नसतं.

संक्रांतीच्या आधी आणि नंतर आठवडाभर झाडांत मांजा अडकलेला असतो. तुम्ही दोरीला वजन बांधून फांदीवरून फेकता तेव्हा ती मांज्यात गुंतते, आणि ओढताना मांजा बोटं कापतो. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, तरी तो सापडतोच. जाड कातडी हातमोजे घाला, फेकण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने फांदी तपासा. मांजा वीजतारेपर्यंत गेलेला दिसला तर ते झाड सोडा. धातूचं लेपन असलेला मांजा वीज वाहून आणतो, आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. आपल्या ताणदोऱ्यांना डोक्याच्या उंचीवर चमकणाऱ्या टेपच्या पट्ट्या बांधा, कारण कटलेल्या पतंगामागे धावणारी मुलं वर बघत धावतात.